गोवा हायवेवरून समुद्र दिसत नाही

"हायवेनेच जाऊ, समुद्र बघत बघत." कोकणात पहिल्यांदा गाडी घेऊन निघालेला एक तरी मित्र दरवर्षी असं म्हणतो. पनवेलहून पेण, माणगाव, महाड, चिपळूण करत थेट सावंतवाडीपर्यंत गेलात, तरी या रस्त्यावरून समुद्र काही दिसायचा नाही. हा राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या ड्रायव्हरांचा '१७ नंबर'. किनाऱ्यापासून तो बराच आतून जातो.

समुद्राकाठचा रस्ता वेगळा. रेवस ते रेडी, सागरी मार्ग. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून त्याची चर्चा आहे, पण अजून तो सलग नाही. रस्त्याचे तुकडे आणि मध्ये खाड्या, असा मामला. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. उत्तरेला मात्र आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, अशा चार ठिकाणी फेरीबोटीची सवय ठेवायची.

या बोटींचं गणित आधी समजून घ्या. दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळला उतरून बोटीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. बोट टाळली तर खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा वळसा. मोबाइलच्या नकाशात 'फेरी टाळा' चालू राहिलं असेल तर तो मुकाट्याने याच वळशाने नेतो. एकदा आमचं तसंच झालं. चिपळूणचा बोर्ड दिसल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

शेवटची बोट किती वाजता, हे सकाळीच फोन करून विचारावं. पावसाळ्यात वारा असला की बोट बंदही राहते. धक्क्यावर कधी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावतात. पोरगा हाताने "येऊ द्या, येऊ द्या" करत असतो, मागे उताराचं लोखंडी फळकूट आणि खाली पाणी. पहिल्यांदा घाम फुटतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि खाली उतरून वारा खा.

मग कुठला रस्ता घ्यावा? माझ्या मते दोन्ही. लांबचा पल्ला हायवेने मारावा आणि एकाच टापूत खाली उतरावं: दापोलीसाठी खेडहून, गणपतीपुळ्यासाठी निवळी फाट्यावरून, मालवणसाठी कसालहून. एका दमात सगळा किनारा करणाऱ्याला रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यावरच्या आरे-वारेच्या वळणावरसुद्धा थांबायला सवड नसते, आणि ते वळण चुकवणं म्हणजे वरण-भात खाऊन तूप विसरणं. खालच्या रस्त्याला पेट्रोलपंप विरळ, म्हणून टाकी वरच भरून घ्या. घरगुती जेवण हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मोदक मिळत नाहीत.

आणि हायवे असो वा सागरी मार्ग, गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला वाळू कडक दिसते, भरती आली की चाकं रुततात, आणि मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव.