निळे-पिवळे ठिपके शेजारी आले की हिरवं दिसतं?

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करणाऱ्या परभणी-नांदेडकडच्या पोरांच्या कानावर हे हमखास पडतं: फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराने निळ्या-पिवळ्या ठिपक्यांतून हिरवं गवत उभं केलं, रंग मिसळतो तो डोळा. अर्धवट माहिती! अल्ट्रामरीन निळा आणि पिवळा पोस्टर कलर घ्या. दोन-दोन मिलिमीटरचे ठिपके दाट भरा, एकमेकांत ओघळू देऊ नका, आणि दहा-बारा पावलं मागे सरका. दिसेल मळकट राखाडी. पॅलेटवर मिसळले की दोन्ही रंग आपापल्या वाट्याचा प्रकाश शोषतात, उरतो हिरवा. डोळ्यात मात्र दोन्ही ठिपक्यांकडून येणाऱ्या प्रकाशाची सरासरी होते. सराच्या 'ग्रांद जात' या चित्रातलं (१८८४-८६) गवत सरळ हिरव्या रंगानेच रंगवलंय, वर पिवळे-नारिंगी ठिपके. त्यातला झिंक यलो पुढे तपकिरी पडला. तो दोष रंगद्रव्याचा, ठिपक्यांचा नव्हे.