पुळणीवरचं पाऊल आणि आगरातलं पाऊल

"सकाळपासून पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत्ये, आणि हे म्हणतंय नऊशे?" आईने बटव्यातून पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. आगपेटीएवढं लांब-रुंद, जाडीला तिच्या निम्मं. आमच्या गुहागरच्या घरात तिचा दिवस मोरी ते चूल, चूल ते पडवी, मग आगरात पोफळींचं शिंपणं असा जातो. तिची तक्रार अगदी खरी होती. पण यंत्रही चुकलं नव्हतं.

आत काय चालतं ते पाहू. चालताना टाच टेकली की अंगाला हलका धक्का बसतो आणि दर पावलागणिक शरीर किंचित वर-खाली होतं. यंत्राच्या चिपमध्ये सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा एक ठोकळा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. धक्क्याने तो सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा संकेत बदलतो. अशी मापणी तिन्ही दिशांना होत असल्यामुळे यंत्र खिशात आडवं पडलं काय नि उभं राहिलं काय, फरक पडत नाही. जुन्या यंत्रांत लहानसा लंबक असे. ती कमरेला सरळ उभी अडकवावी लागत, कलली की मोजणी बिघडे.

पण धक्का काय, एसटीतही बसतो. म्हणून यंत्र लय शोधतं. साधारण चालीत सेकंदाला दीड-दोन पावलं पडतात. अशी लय चारेक सेकंद सलग टिकली तरच बरीचशी यंत्रं त्याला चालणं समजतात आणि मग आधीची पावलंही जमेस धरतात. मोरीपासून चुलीपर्यंत आईची पाच पावलं. तिथे ती थांबते, वाकते, वळते. लय जमायच्या आतच तुटते. आम्ही करून पाहिलं: चार खेपा झाल्या तरी आकडा जागचा हलला नाही. मग व्याडेश्वराच्या वाटेवर मी तोंडाने शंभर मोजली, यंत्राने अठ्ठ्याण्णव.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, या आकड्याने मात्र किती तरी वयस्कर माणसांना उगाच धास्तावून ठेवलंय. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं यंत्र विक्रीला आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. तिथून तो जगभर गेला. २०१९ साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेना. हा सगळा चालण्याचाच परिणाम, असं त्यातून थेट सिद्ध होत नाही. धडधाकट माणूस मुळात जास्त चालतो. तरी आईला हे वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा सैलावला.

यंत्र अंतर दाखवतं ते निव्वळ गुणाकार करून: पावलं गुणिले पावलाची लांबी. ती लांबी आपणच भरायची. आईची आम्ही रहाटाच्या दोराने मोजली. अंगणात दहा पावलांत ६ मीटर २० सेंटिमीटर, म्हणजे पाऊल ६२ सेंटिमीटरचं. सुरूबनापलीकडे पुळणीवर, कोरड्या वाळूत, तेच ५४. पाय रुततो, मागे घसरतो. पाच हजार पावलं झाली की यंत्र ३.१ किलोमीटर म्हणणार, प्रत्यक्षात ती २.७ चाललेली असणार.

आणि दमणूक? ती जास्त. दर पावलाला वाळू बाजूला सारण्यात पायांची शक्ती जाते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजलं, तर कठीण जमिनीपेक्षा वाळूत चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू वेगळी. कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं, म्हणून पाय तितका रुतत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं.

पाखाडीचंही तसंच. जांभ्याच्या प्रत्येक पायरीला सगळं अंग जवळजवळ वीतभर उचलावं लागतं. यंत्राच्या लेखी ते एकच पाऊल, सपाट रस्त्यावरच्यासारखं.

आता आई रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहिते आणि त्यापुढे वाट लिहिते. परवाच्या चौकोनात पेन्सिलीने आहे: "३,१४०. पुळण, कोरडी. शिंपणं धरलेलं नाही."