दयाळाची पिल्ले आणि मोकाट मांजरे: गोव्यातल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जुन्या गोव्यात मांजर कुणी हौसेने पाळत नसे. घरात भात साठवलेले, डोक्यावर कौले, म्हणजे उंदरांना रान मोकळेच. त्यांच्यासाठी मांजर हवे. त्याला पेजेतला भात आणि बांगड्याचे डोके मिळे. बाकीची सोय त्याने स्वतः बघायची. रात्री ते कुठे जाते हे कुणी विचारीत नसे. मांजर मारले तर सोन्याचे मांजर काशीला दान करावे लागते, या धास्तीने नको असलेली पिल्ले मारली जात नसत, पोत्यात घालून बाजाराजवळ सोडली जात.

पुढे शेते पडीक पडली, तांदूळ दुकानातून येऊ लागला, परसांच्या जागी फ्लॅट उभे राहिले. मांजराचे काम गेले, मोकाट सोडण्याची पद्धत तेवढी राहिली. किनाऱ्यावर आणखी एक भर पडली. शॅकमागच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळींमागच्या उष्ट्यावर मांजरे पोसली जातात आणि मे संपताच शॅक बंद होतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरही बंद, त्यामुळे मासळीची डोकी-शेपट्या आटतात. भरल्या पोटीही मांजर शिकार करतेच, पण हे दोन महिने वाड्यावाड्यांतल्या पाखरांना जास्तच जड जात असणार.

कारण हाच विणीचा काळ. शिंपी पक्ष्याचे घरटे जास्वंदीच्या शिवलेल्या पानांत, जेमतेम कमरेच्या उंचीवर. दयाळ पक्षी चिऱ्यांच्या गडग्यातल्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीतल्या भोकात अंडी घालतो. पिल्लू बाहेर पडते तेव्हा त्याला धड उडता येत नाही; काही दिवस ते अबोलीच्या वाफ्यात, तुळशीमागे टुणटुणत असते. आईबाप करकरून ओरडतात, शेपट्या झटकतात. मांजर त्याने हटत नाही.

जगाला हा प्रश्न बेटांवरून कळला. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाच्या माणसांबरोबर मांजरे आली आणि तिथला एक चिमुकला, न उडणारा पक्षी काही वर्षांतच संपला. २०१३ च्या एका अभ्यासाने अमेरिकेत मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज दिला. तो हिशेब जसाच्या तसा गोव्याला लावणे मला पटत नाही. आपल्या पाखरांना रानमांजर, साप, कावळे पूर्वीपासून ठाऊक आहेत. माणसाने पोसलेल्या मांजरांची एवढी गर्दी मात्र नवी.

कायद्याचे लक्ष दुसरीकडे राहिले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा माणसाचा हात अडवतो, शेजाऱ्याचे मांजर नाही. २०२३ पर्यंत लागू असलेले २००१ चे नसबंदीचे नियम नावापासूनच कुत्र्यांचे होते. गोव्यात रेबीजविरोधी मोहीम गावोगाव पोचली तीही मुख्यतः कुत्र्यांसाठी.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची म्हणीतली सूचना लोक खरोखर अमलात आणतात. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात घंटेने विशेष फरक पडला नाही. मांसाचे प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी, रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने २५ टक्क्यांनी घटली. चोवीस तास कोंडून ठेवण्याचा परदेशी सल्ला बाल्काव (पुढची उघडी ओसरी) आणि कौलांच्या घरात चालत नाही. मार्च ते जुलै पहाटे आणि तिन्हीसांजेला दार लावलेल्या खोलीत ठेवणे जमते. आणि नसबंदी हवीच, कारण मांजरी दोन महिन्यांत विते आणि वर्षात पुन्हा गाभण राहते.