गुडघ्यातील मेनिस्कस व अस्थिबंधांच्या इजा

गुडघ्याला पीळ बसून, उडीवरून चुकीचे उतरून किंवा थेट मार लागून सांध्यातील कूर्चेच्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, आणि हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, यांना होणाऱ्या इजांचा हा गट आहे. ठाणे परिसरात या इजा चार ठिकाणांहून येतात: कबड्डीचे मैदान, घोडबंदर रस्त्यालगतची कृत्रिम गवताची फुटबॉल मैदाने, गुरुपौर्णिमेपासून सुरू होणारा दहीहंडीचा सराव आणि पावसाळ्यात खड्ड्यांवरून घसरणाऱ्या दुचाकी. निदान बहुतांशी घडलेल्या प्रकाराची नीट विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी यांवर होते. एमआरआय त्यानंतर येतो. हा क्रम उलटला की नको त्या शस्त्रक्रिया होतात.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये दोन मेनिस्कस असतात. पाय सरळ असताना सांध्यावरचा सुमारे ५० टक्के आणि गुडघा ९० अंशांत वाकल्यावर सुमारे ८५ टक्के भार त्यांच्यातून जातो. गादी कापून काढल्यावर काही वर्षांत सांधा झिजू लागतो तो यामुळेच. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, रुंदीच्या १० ते ३० टक्के भागात असतो. त्या पट्ट्यातली फाट टाके घालून जुळू शकते, आतल्या पांढऱ्या भागातली सहसा जुळत नाही. आतल्या बाजूची गादी तिथल्या अस्थिबंधाला घट्ट चिकटलेली असल्याने पीळ बसताना बाजूला सरकू शकत नाही, म्हणून ती अधिक वेळा फाटते.

अस्थिबंध मुख्यतः चार. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना छेदणारे पुढचा व मागचा असे दोन क्रूसबंध आणि दोन्ही बाजूंना एकेक पार्श्वबंध. पुढचा क्रूसबंध, सर्वांच्या तोंडी असलेला एसीएल, नडगीला पुढे सरकण्यापासून व गरकन फिरण्यापासून रोखतो. तो सांध्यातल्या द्रवात असतो, तुटलेली टोके एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे पूर्ण तुटल्यावर तो क्वचितच आपोआप सांधतो. आतल्या बाजूचा पार्श्वबंध सांध्याच्या पोकळीबाहेर असून त्याला रक्त भरपूर मिळते. त्याची मोठी फाटदेखील बाहेरून बांधलेल्या पट्ट्याच्या, म्हणजे ब्रेसच्या, आधाराने भरून येते.

एसीएल तुटण्यासाठी धक्का लागावाच लागतो असे नाही. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे वळताना पाय चटईवर रोवतो, त्याच क्षणी घोटा पकडला जातो, धड फिरते आणि गुडघा आत झुकतो. ‘कट्’ असा आवाज बऱ्याच जणांना स्वतःला जाणवतो. यानंतर सर्वांत मोलाचा प्रश्न असा: सूज किती वेळात आली? दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर सांध्यात रक्त साठले आहे, आणि त्याचे कारण बहुतेकदा एसीएल असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज मेनिस्कसकडे बोट दाखवते. पुढे काही आठवड्यांनी सूज उतरते, सपाट रस्त्यावर चालता येते आणि रुग्ण बरा झालो असे धरून चालतो, पण रेल्वेच्या पुलाचा जिना उतरताना किंवा गर्दीत चटकन वळताना गुडघा निसटतो. अशा प्रत्येक निसटण्यात गादीची नवी फाट होण्याचा धोका असतो.

तपासणी चांगल्या पायापासून सुरू करावी. माणसागणिक सांध्याची सैलता वेगळी असते. एसीएलसाठी लॅचमन चाचणी सर्वांत भरवशाची. रुग्ण उताणा, गुडघा २० ते ३० अंश वाकलेला. तपासणारा एका हाताने मांडी गुडघ्याच्या वर धरून स्थिर ठेवतो, दुसऱ्या हाताने नडगी मागून धरून अंगठा पुढे ठेवतो आणि ती सरळ वर उचलतो. नडगी किती सरकली यापेक्षा शेवटी ‘टक्’ असा ठाम अटकाव लागतो का, हे महत्त्वाचे. अटकाव मऊ असेल किंवा लागतच नसेल तर बंध तुटलेला आहे. मांडीचे स्नायू आखडलेले असतील तर चाचणी फसवी सामान्य येते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत काही कळले नाही तर ७ ते १० दिवसांनी पुन्हा तपासावे. गुडघा ९० अंशांत वाकवून नडगी ओढण्याची जुनी चाचणी ताज्या इजेत आणखी कच्ची ठरते. तिच्यात एक सापळाही आहे. मागचा क्रूसबंध तुटलेला असेल तर नडगी आधीच मागे ओघळलेली असते, ती ओढून मूळ जागी आली तरी ‘पुढे सरकली’ असे वाटते. त्यासाठी दोन्ही गुडघे ९० अंशांत ठेवून आधी बाजूने पाहावे.

पार्श्वबंधांसाठी गुडघा ३० अंशांत आणि मग सरळ ठेवून बाजूला ताण देतात. सरळ स्थितीतही सांधा उघडत असेल तर क्रूसबंधालाही इजा आहे असे धरावे. मेनिस्कसच्या इजेत सांध्याच्या रेषेवर बोटाने दाबल्यावर नेमकी वेदना होते. वाकलेला गुडघा पिळून पाहण्याच्या मॅकमरे व थेसली चाचण्या त्याला दुजोरा देतात.

अपघातानंतर एक्स-रे कधी काढावा यासाठी ओटावा नियम आहे: वय ५५ किंवा अधिक, फक्त वाटीवर किंवा पोटरीच्या बारीक हाडाच्या वरच्या टोकावर दुखणे, गुडघा ९० अंश न वाकणे, किंवा इजा झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळीही चार पावले न टाकता येणे. यांतले एकही लक्षण असल्यास एक्स-रे हवाच. नडगीच्या बाहेरच्या कडेला हाडाचा बारीक कपचा दिसला तर एसीएल तुटल्याची जवळजवळ खात्री असते.

एमआरआयच्या अहवालात मेनिस्कसपुढे ‘ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ लिहिलेले असते आणि घरी काळजी सुरू होते. हे गादीच्या आतले बदल असतात, पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली फाट म्हणजे ग्रेड ३. तीही दुखण्याचे कारण असेलच असे नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या अभ्यासात ज्यांच्या गादीत फाट होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. उपचार माणसावर करायचा, फिल्मवर नाही.

पहिल्या आठवड्यात कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी, क्रेप बँडेज, पाय उंच. मालीश, गरम शेक आणि ‘गुडघा बसवून घेणे’ या तिन्ही गोष्टींनी रक्तस्राव व सूज वाढते, आणि अडकलेली गादी पिळल्याने आणखी फाटते. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेण्याची सवय फार जणांना असते. तिने गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होतो. त्याच स्थितीत मांडी आवळून पाच सेकंद धरावी, दहा वेळा, दिवसातून अनेकदा. एकच कुबडी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात घ्यावी.

दोन परिस्थितींत वाट पाहू नये. गुडघा एका कोनात अडकून सरळच होत नसेल तर गादीचा फाटलेला मोठा तुकडा मध्ये उलटलेला असतो. असा तुकडा लवकर टाके घातल्यास वाचतो. दुसरी परिस्थिती दुचाकीच्या जोरदार अपघाताची. सांधा पूर्ण निखळून कधीकधी आपोआप जागेवर बसतो आणि बाहेरून फक्त सूज दिसते, पण गुडघ्यामागची धमनी फाटलेली असू शकते. पाऊल गार, फिकट, नाडी क्षीण असेल किंवा घोट्याचा रक्तदाब हाताच्या ०.९ पटीपेक्षा कमी असेल तर तासांचा हिशेब सुरू झालेला असतो. साधारण सहा ते आठ तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. पाऊल वर उचलता न येणे ही बाहेरच्या बाजूच्या नसेच्या इजेची खूण.

एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. २०१० साली स्वीडनमध्ये १२१ तरुण सक्रिय रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर शस्त्रक्रिया असा मार्ग दिला. या ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि दोन्ही गटांचे गुडघ्याच्या स्थितीचे गुण सारखे होते. बसून काम करणाऱ्या, गुडघा निसटत नसलेल्या माणसाने आधी तीन महिने नेटाने व्यायाम करावा. कबड्डी, फुटबॉल पुन्हा खेळायचा असेल, रोजच्या चालण्यात गुडघा निसटत असेल किंवा टाके घालण्याजोगी गादी फाटलेली असेल तर शस्त्रक्रिया योग्य.

तुटलेला एसीएल सहसा शिवत नाहीत. दुसरा स्नायुबंध, म्हणजे टेंडन, घेऊन नवा बसवतात. मांडीमागचे स्नायुबंध, वाटीखालचा पट्टा किंवा घोट्याजवळचा पेरोनियस लाँगस नावाचा स्नायुबंध यांतून निवड होते. वाटीखालचा पट्टा घेतल्यास गुडघे टेकणे दुखते. नमाज, पूजा किंवा फरशी बसवण्याचे काम करणाऱ्यांशी याबद्दल आधीच बोलावे. मांडीमागच्या स्नायुबंधाची जाडी ८ मिलिमीटरहून कमी भरली तर तो पुन्हा तुटण्याची शक्यता वाढते. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, नाहीतर सांधा आखडतो.

गादीच्या बाबतीत वय व फाटीचा प्रकार पाहावा लागतो. तरुणातली कडेची ताजी फाट शिवावी. झिजेतून आलेल्या फाटीचा तुकडा कापण्याचा फायदा शंकास्पद आहे: २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ जणांपैकी काहींची खरी, काहींची नाटकी, म्हणजे गादी न कापता केवळ देखाव्याची, शस्त्रक्रिया केली आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. गादी शिवल्यावर चार ते सहा आठवडे ९० अंशांपलीकडे वाकवू नये आणि सुमारे चार महिने उकिडवे बसू नये, मांडी घालू नये. भारतीय संडासावर खुर्ची बसवून घेणे हे शस्त्रक्रियेआधीचे काम आहे.

खर्चात स्क्रू, बटन, टाक्यांची साधने यांचा वाटा मोठा असतो. लेखी अंदाजपत्रकात ती स्वतंत्र मागावीत आणि त्यांची स्टिकर घरी जाताना मिळणाऱ्या कागदांवर लावून घ्यावीत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयातही अस्थिरोग विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली नेमकी शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, आधी तपासावे.

नवा बंध बसवल्यानंतर सुमारे ६ ते १२ आठवड्यांत तो सर्वांत कमकुवत असतो, आणि नेमक्या याच काळात दुखणे थांबलेले असल्याने माणूस निर्धास्त होतो. धावणे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर. नॉर्वेतील २०१६च्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. मैदानात उतरण्यापूर्वी मांडीच्या स्नायूंची ताकद आणि एका पायावरच्या उड्यांचे अंतर चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असावे. दहीहंडीची तारीख जवळ आली हे परतण्याचे कारण होऊ शकत नाही.