ऑफ-ग्रिड सौर वीजसंच : बिघाड व खबरदारी

वीजवाहिनीशी न जोडलेला, दिवसा पॅनेलवर तयार झालेली वीज बॅटरीत साठवून रात्री वापरू देणारा संच. पॅनेल, बॅटरीचे चार्जिंग आवरणारा चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि तिची वीज घरातल्या उपकरणांजोगी करणारा इन्व्हर्टर हे त्याचे मुख्य भाग. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे सहज चालते. संच बंद पडतो तो बहुतेक वेळा बॅटरीपायी, आणि बॅटरी जाते ती हिशेब चुकल्यामुळे.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीत कागदोपत्री १,२०० वॉट-तास मावतात. तिला जपायचे तर त्यांतले निम्मेच वापरावेत. इन्व्हर्टरवर एकही दिवा लागलेला नसला, तरी तो स्वतःसाठी २० वॉट घेत असेल तर चोवीस तासांत ४८० वॉट-तास खर्ची पडतात. म्हणजे वापरण्याजोग्या ६०० पैकी उरले १२०! हा खर्च मांडायचा राहून जातो आणि दोष पॅनेलला दिला जातो. गरज नसताना इन्व्हर्टर बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली, की प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक होते आणि पुढे चार्जिंगने विरघळत नाही. म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरलीच पाहिजे. ढगाळ दिवसांत वापर कमी करावा, नाहीतर जनित्राची जोड द्यावी. काही तास विसावलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.१ च्या आसपास दिसले तर निम्मी रिकामी समजावी. चार्जिंग चालू असतानाचा आकडा फसवा असतो. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे, आधी काठोकाठ भरल्यास आम्ल उतू जाते. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते आधी घालावेच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अधिक खोल वापर सोसते, पण शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करू नये.

पॅनेलमधले सेल एकसर जोडलेले असतात. त्यामुळे कोपऱ्यावरची लहानशी सावलीही बरीच वीज घालवते.

तारांकडे मात्र फार दुर्लक्ष होते. १,२०० वॉटच्या भाराला १२ व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह लागतो, ४८ व्होल्टवर फक्त २५. त्याच तारेत वाया जाणारी उष्णता सोळाव्या हिश्श्यावर येते. सैल टर्मिनल आधी कोमट लागते, मग काळवंडते, मग वितळते. फ्यूज डीसीसाठी, म्हणजे बॅटरीतून येणाऱ्या एकदिश प्रवाहासाठी, बनवलेलाच हवा, कारण डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. जोडणी करताना कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर पॅनेल. सोडवताना उलट क्रम.