‘ती वरडनी का नही?’

बलात्काराची बातमी आली की जळगाव-धुळ्याकडे पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ती वरडनी का नही?’ विचारणाऱ्यांत बायकाही असतात. जिच्यावर बेतलं ती तर हाच प्रश्न स्वतःला वर्षानुवर्षं विचारत राहते.

उत्तर शरीरात आहे. जिवावर बेतलं, लढता येत नाही, पळता येत नाही, तेव्हा शरीर थिजतं. हातपाय जड होतात, आवाज घशातच राहतो. शुद्ध मात्र असते. बलात्कारानंतर स्टॉकहोमच्या आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७० टक्के लक्षणीयरीत्या थिजल्या होत्या, आणि सहा महिन्यांनी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मनोविकार, त्यांच्यातच अधिक आढळला. आपल्याकडे मात्र तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, याला वजन देऊन आरोपी सोडले. कायदा बदलायला १९८३ उजाडलं.

आठवणींचंही तसंच. भीतीच्या क्षणी मेंदूतला घटनांचा क्रम लावणारा भाग, हिप्पोकॅम्पस, गडबडतो; भीती नोंदवणारा भाग, अमिग्डाला, मात्र जोरात चालतो. म्हणून जबाबात आधीचं-नंतरचं चुकतं, पण वास पक्का बसतो. गंधाची वाट अमिग्डालापर्यंत फार जवळची. समजा, रावेरकडच्या केळीच्या बागेत एखादीवर हल्ला झाला. दहा वर्षांनी लग्नाच्या पंगतीत समोर केळीचं पान आलं, की तिची छाती धडधडते, घाम फुटतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलंय. आणि तिला भगताकडे नेतात.

१९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात बलात्कारानंतर सुमारे दोन आठवड्यांनी ९४ टक्के स्त्रियांत पीटीएसडीची लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांत. म्हणजे बऱ्याचजणी काळाबरोबर सावरतात. उरलेल्यांचं काय, हे थोडंफार आपल्या तोंडावरही अवलंबून असतं: दोष देणाऱ्या प्रतिक्रिया मिळाल्या तर त्रास वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. १९९४ मध्ये उघड झालेल्या जळगावच्या लैंगिक शोषण प्रकरणात कितीतरी मुली तक्रारीला पुढेच आल्या नाहीत. बदनामीची धास्ती पीटीएसडीच्या कुठल्याच मोजपट्टीवर येत नाही.

आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांनी गुण येतो, अगदी वर्षं उलटली तरी. मात्र ‘सांग ना, काय झालं?’ म्हणून खोदून विचारणं हा त्यातला उपचार नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.