कार्ड अडवतं कोण?

लोअर परळच्या चहाच्या टपरीवर आयटीवाली पोरं अजून ठासून सांगतात: अ‍ॅडल्ट साइटचे पैसे बंद होतात ते सरकारी बंदीमुळे. तसं नाही हो. साइटवर बंदी घालणं वेगळं आणि तिचा गल्ला बंद होणं वेगळं.

पैसे कार्डावरून थेट साइटकडे जात नाहीत. मध्ये साइटच्या वतीने पैसे वसूल करणारी बँक असते आणि तिला व्हिसा-मास्टरकार्डचे नियम पाळावे लागतात. डिसेंबर 2020 मध्ये या दोघांनी पॉर्नहबवरचा कार्डव्यवहार थांबवला, तो कुठल्या कोर्टाच्या हुकुमाने नव्हे. बेकायदा व्हिडिओंचे आरोप छापून आले होते. ऑक्टोबर 2021 पासून मास्टरकार्डने दंडकच घातला: व्हिडिओत दिसणाऱ्याचं वय, ओळख आणि संमती तपासा, तक्रार सात कामकाजी दिवसांत निकाली काढा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्स या वर्गणी घेऊन मजकूर दाखवणाऱ्या साइटने बँकांकडे बोट दाखवत उघड लैंगिक मजकूर बंद करायचं जाहीर केलं आणि आठवड्याच्या आत शब्द फिरवला.

म्हणजे कार्ड कंपन्या खलनायक? तेही अर्धसत्यच. संमतीची तपासणी कुणीतरी करायलाच हवी होती. मला खटकतं ते एवढंच, की कायद्याने चालणारा धंदाही या चाळणीत अडकतो आणि दाद मागायला खिडकी सहसा सापडत नाही.